४०० जीबी शून्यं आणि म्हापशाचा सर्व्हर

मागच्या वर्षीच्या जुलैतला शुक्रवार. म्हापशात शुक्रवार म्हणजे बाजार, पेडणे-डिचोलीपासून माणसं येतात, आणि ज्या पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो तिच्या काउंटरवर त्या दिवशी कुणाला मान वर करायला फुरसत नसते, संध्याकाळी पिग्मी एजंट आपापली मशीनं घेऊन येतात ते वेगळंच. दुपारी चारच्या सुमारास कॅशियरताईंचा फोन आला, "सर, सगळ्यांचंच अडकलंय हो, कुणाचंच पुढे जात नाही." मी डिचोलीत होतो, बाहेर धो धो पाऊस. लॅपटॉप उघडून सर्व्हरवर लॉगिन केलं तर पाचपैकी तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले कॉम्प्युटर, पॉज झालेल्या. बंद नाही, क्रॅश नाही, पॉज. आणि होस्टची, म्हणजे खालच्या खऱ्या सर्व्हरची, डिस्क १०० टक्के भरलेली.

आधी सेटअप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. एक सर्व्हर, त्यात १ टीबीच्या दोन साध्या साटा हार्डडिस्क मिरर करून, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, वर लिनक्स, त्यावर या मशीनी चालवणारं केव्हीएम-क्यूएमू, आणि त्यांचा कारभार बघणारं लिबव्हर्ट. मशीनींच्या डिस्का म्हणजे होस्टवरच्या क्यूकाऊ-टू (qcow2) प्रकारच्या फाइली. सगळ्या मिळून आकडा १.४ टीबीचा दाखवलेला, पण प्रत्यक्षात वापर ५२० जीबीच्या आसपास. असं सगळेच करतात, मशीनला सांगायचं तुझी डिस्क एवढी, आणि खाली जागा लागेल तशी द्यायची. सकाळी मी बघितलं तेव्हा ५२० होतं. सात-आठ तासांत ४०० जीबी कुठून आलं?

तर झालं असं होतं की सॉफ्टवेअरच्या व्हेंडरला स्कॅन केलेल्या कागदांसाठी नवीन डिस्क हवी होती, म्हणून मीच सकाळी विंडोज सर्व्हरला ५०० जीबीची नवी व्हर्च्युअल डिस्क जोडून दिली होती. फाइलचा आकार त्या वेळी १ एमबीसुद्धा नव्हता. दुपारच्या सुट्टीत त्यांच्या इंजिनियरने ती फॉरमॅटला लावली आणि क्विक फॉरमॅटची टिक काढली. का काढली विचारलं तर म्हणाला "पूर्ण फॉरमॅट जास्त सेफ". खऱ्या हार्डडिस्कसाठी त्यात थोडंफार तथ्य आहे, खराब सेक्टर सापडतात. पण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट म्हणजे नुसती तपासणी नाही, पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत शून्यं लिहीत जायचं. विंडोजला काय माहीत खाली फाइल आहे म्हणून, ते ८० एमबी प्रति सेकंद वेगाने शून्यं पाठवत राहिलं, क्यूएमू इमानदारीने एकेक शून्य खऱ्या प्लॅटरवर, म्हणजे हार्डडिस्कच्या तबकडीवर, उतरवत राहिलं, आणि दीड तासात डिस्क भरली. जागा संपली की क्यूएमू मशीनला चूक न कळवता पॉज करतं, ही त्याची डीफॉल्ट वागणूक आहे, आणि त्या दिवशी तिनेच आम्हाला वाचवलं, कारण डेटाबेस अर्धवट लिहून करप्ट झाला नाही.

आता करायचं काय? जुन्या आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या) फाइली आणि एक विसरलेली कॉपी यूएसबी डिस्कवर हलवून ६० जीबी मोकळी केली. पण मशीन रिझ्युम केली की फॉरमॅट पण पुढे चालू होणार, म्हणजे त्या ६० जीबीला ८० च्या वेगाने साडेबारा मिनिटं. व्हेंडरच्या इंजिनियरला फोनवर धरून ठेवलं, त्याला म्हटलं मी तीन म्हटलं की मशीन जिवंत होईल, तू पहिल्यांदा ते फॉरमॅट कॅन्सल कर, बाकी कशाला हात लावू नकोस. त्याने केलं. मग मी ती डिस्क मशीनमधून काढली आणि तिची फाइल डिलीट केली, ४०० जीबी एका क्षणात परत. त्या फाइलीत एकही कागद नव्हता, एकही नोंद नव्हती, शून्यांशिवाय काहीच नव्हतं. पाच वाजायच्या आत काउंटर चालू झाला, पण रांगेतली कितीतरी माणसं तोवर बस चुकू नये म्हणून तशीच निघून गेली होती, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या रात्री झोप लागली नाही. डोक्यात एकच, की ४०० जीबी शून्यं लिहायला दीड तास आणि अख्खी डिस्क लागली, आणि "इथून तिथपर्यंत शून्य आहे" एवढं सांगायला खरं तर एक ओळ पुरते. मॅनेजरसाहेबांना नंतर समजावताना मी लेजरचंच उदाहरण दिलं. खातं रिकामं आहे तर कुणी ३६५ ओळींत रोज शिल्लक ०, शिल्लक ० असं लिहीत बसत नाही, पानावर एक तिरकी रेघ मारून "शिल्लक निरंक" लिहितात. ते लगेच म्हणाले, मग तुमचा कॉम्प्युटर रेघ का मारत नाही? प्रश्न अगदी बरोबर होता.

मारतो. मारायला सांगितलेलं नव्हतं, एवढंच.

क्यूकाऊ-टू फाइल ६४ केबीच्या तुकड्यांत वाटलेली असते, त्याला क्लस्टर म्हणतात. कुठला क्लस्टर फाइलीत कुठे आहे त्याचा एक तक्ता असतो, आणि त्यात प्रत्येक क्लस्टरची नोंद ८ बाइटची. फॉरमॅटच्या आवृत्ती ३ मध्ये, म्हणजे २०१२ च्या क्यूएमू १.१ पासून, त्या नोंदीत एक बिट असा आहे की तो १ केला की अर्थ होतो हा अख्खा क्लस्टर शून्य. झालं. ६४ केबी लिहायच्या जागी एक बिट. आणि वाचताना पण तेच, बिट दिसला की क्यूएमू डिस्ककडे जातच नाही, मेमरीत शून्यं भरून देऊन टाकतं. एक तक्ता स्वतः ६४ केबीचा, त्यात ८१९२ नोंदी, म्हणजे एका तक्त्यात ५१२ एमबीचा हिशोब बसतो. म्हणून आमची ती पूर्ण ५०० जीबीची डिस्क शून्यांनी भरली असती तरी तक्ते हजार, आणि हजार तक्त्यांना ६२.५ एमबी. कुठे ५०० जीबी आणि कुठे ६२ एमबी. हा हिशोब मी रात्री दीड वाजता वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि तीनदा तपासला, कारण विश्वासच बसेना.

पण हे होण्यासाठी क्यूएमूला कळायला पाहिजे की येतंय ते शून्य आहे, आणि कळायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आतली मशीनच नीट बोलते, ती डेटा न पाठवता नुसती आज्ञा पाठवते की अमुक सेक्टरपासून इतके सेक्टर शून्य कर. डिस्कशी बोलायची जी स्कझी भाषा, तिच्यात त्यासाठी राइट सेम आहे, आणि व्हर्च्युअल मशीनींसाठीच्या व्हर्टआयओ-ब्लॉकमध्ये राइट झिरोज क्यूएमू ४.० पासून, २०१९ मध्ये आलं. यात शून्यांचा ढीग इकडून तिकडे जात नाही, राइट सेमला फार तर नमुन्याचा एक ब्लॉक. दुसरा रस्ता तेव्हा लागतो जेव्हा आतला प्रोग्राम आज्ञा वापरत नाही, सरळ शून्यांनी भरलेले बफर, म्हणजे डेटाचे गठ्ठे, पाठवतो, आमच्या फॉरमॅटसारखे. मग क्यूएमूलाच प्रत्येक बफर उघडून बघावा लागतो की हा शून्य आहे का, आणि असेल तर लिहिणं सोडून बिट लावायचा. या सेटिंगचं नाव डिटेक्ट-झिरोज, क्यूएमू २.१ मध्ये २०१४ साली आलं, आणि साध्या क्यूएमूत आणि लिबव्हर्टमध्ये ते मुळात ऑफ असतं. दहा वर्षं ही सोय माझ्या नाकासमोर होती.

शनिवारी संस्था दुपारी बंद झाल्यावर मी जाऊन बसलो. आधी चालू मशीनींना हात न लावता एक रिकामी लिनक्स मशीन उभी केली, ५० जीबीची टेस्ट डिस्क दिली. डिटेक्ट-झिरोज ऑफ ठेवून डीडी या कमांडने शून्यं लिहिली, एक-एक एमबीच्या ब्लॉकने, डायरेक्ट, म्हणजे कॅशेची लबाडी नको. साडेसात मिनिटं, आणि फाइल ५० जीबीची. फाइल नव्याने बनवली, सेटिंग ऑन केलं, तीच कमांड. मी चहाचा कप उचलला तोवर संपली पण, २६ सेकंद. फाइलचा आकार बघितला तर साडेसहा एमबीच्या आतबाहेर. वहीतल्या हिशोबाने १०० तक्ते म्हणजे सव्वासहा एमबी यायला पाहिजे होते, वर थोडा हेडर वगैरे. जुळलं! तो आकडा स्क्रीनवर बघून जो आनंद झाला तो सांगता येणार नाही, हिशोब आणि मशीन एकच गोष्ट सांगतायत असं फार वेळा होत नाही.

मग तिसरी चाचणी आज्ञेवाल्या रस्त्याने, डिस्क शून्य करायची कमांड दिली. दोन-तीन सेकंद. २६ आणि ३ मधला फरक म्हणजे बफर भरणं, पाठवणं आणि तपासणं, बाकी काही नाही. त्यानंतर पूर्ण डिस्क वाचून खरोखर शून्यंच येतात का तेही बघून घेतलं. आणि चौथी चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटत होती, ती उलटी, रँडम डेटा लिहायचा, म्हणजे तपासणी फुकट जाणार, मग किती दंड बसतो? ऑन आणि ऑफमध्ये मला फरक दिसला नाही. कारण सोपं आहे, तपासणारा कोड सीपीयूच्या रुंद इन्स्ट्रक्शन वापरून मोठमोठे घास घेतो, आणि शून्य नसलेला बाइट दिसला की तिथेच थांबतो, पुढचं बघतच नाही. खरा डेटा असेल तर तो बहुतेक वेळा सुरुवातीलाच सापडतो. आमच्यासारख्या फिरत्या डिस्कपुढे तो खर्च काहीच नाही, अतिवेगवान एनव्हीएमई एसएसडी असेल तर मात्र स्वतः मोजून बघावं.

संध्याकाळी समोरच्या हॉटेलातून बन आणि पातळ भाजी मागवली आणि खऱ्या मशीनींना सुरुवात केली. इथे मला सांगायचंय की सरसकट एकच सेटिंग लावू नका. डिटेक्ट-झिरोजला ऑन आणि अनमॅप असे दोन प्रकार आहेत. ऑन म्हणजे बिट लाव, पण त्या क्लस्टरला आधी जागा दिलेली असेल तर ती तशीच राहू दे. अनमॅप म्हणजे ती जागा पण खालच्या फाइल सिस्टिमला परत कर, आणि त्यासाठी डिसकार्डचं, म्हणजे नको असलेली जागा सोडून देण्याचं, सेटिंगही अनमॅपवर हवं, नाहीतर ते नुसत्या ऑनसारखंच वागतं. स्कॅनवाल्या नव्या डिस्कला आणि सी ड्राइव्हला मी अनमॅप दिलं. डेटाबेसच्या डिस्कला मुद्दाम ऑन, कारण तिची जागा मी पहिल्यापासून राखून ठेवलीय, ती मोडून परत घेत बसलो तर फाइल तुकड्या-तुकड्यांत विखुरते आणि फिरत्या डिस्कवर ते महागात पडतं. आणि हो, सेटिंग बदलल्यावर मशीन आतून रीस्टार्ट करून चालत नाही, पूर्ण शटडाउन करून पुन्हा चालू करावी लागते, यात माझा अर्धा तास गेला. एक इमेज जुन्या आवृत्ती २ ची निघाली, तिच्यात तो शून्याचा बिटच नाही, मशीन बंद असतानाच तिला अमेंड करून आवृत्ती ३ ची केली.

सी ड्राइव्हची गोष्ट वेगळी होती. आत विंडोज म्हणतं ७० जीबी वापरलंय, बाहेर फाइल २३० जीबी. वर्षानुवर्षं अपडेट आले, फाइली डिलीट झाल्या, पण डिलीट म्हणजे शून्य नव्हे, जुना कचरा जागेवरच, आणि होस्टला त्यातलं काही माहीत नाही. इथे शून्य ओळखून काय करणार, तिथे शून्यच नाहीत. आधी विंडोजकडून वदवून घ्यावं लागतं की ही जागा आता मला नको. डिसकार्ड चालू केल्यावर व्हर्टआयओ-स्कझीवरची ती डिस्क ऑप्टिमाइझ ड्राइव्हजमध्ये थिन प्रोव्हिजन्ड म्हणून दिसायला लागली, रीट्रिम चालवलं, म्हणजे विंडोजने रिकाम्या जागा खाली कळवल्या, मग रात्री मशीन बंद करून इमेज कन्व्हर्ट करून नवी फाइल बनवली. ७४ जीबी. लिनक्स मशीनींना त्याच कामाच्या एफएस-ट्रिमचा आठवड्याचा टायमर चालू केला आणि विषय संपवला.

या ७४ चं महत्त्व फोंड्याला कळलं. संस्थेची दुसरी शाखा फोंड्यात, रोज रात्री १० वाजता सी ड्राइव्हची कॉपी ५० एमबीपीएसच्या लाइनवरून तिकडे जाते. २३० जीबीला त्या लाइनवर सव्वादहा तास लागतात, म्हणजे सकाळी सव्वाआठपर्यंत, आणि वाटेत एकदा लाइन गेली, पावसात ती जातेच, की नऊ-साडेनऊ, फोंड्याचा काउंटर उघडला तरी लाइन भरलेली. आता सव्वातीन तास. पहाटे दीडच्या आत संपतं.

पण खरी गंमत पुढच्या आठवड्यात. कॅशियरताई वर्षभर तक्रार करायच्या की दिवसातून चार-पाच वेळा सॉफ्टवेअर वीस-पंचवीस सेकंद अडकतं, सगळ्या काउंटरवर एकदम, मग आपोआप सुटतं. व्हेंडर म्हणायचा नेटवर्क, मी स्विच बदलून बघितला, केबल बदलल्या, काही नाही. शून्यांनी डोकं भरलेलं असल्यामुळे असेल, त्या आठवड्यात मी डेटाबेसचा एरर लॉग आणि वाढीच्या नोंदी बघितल्या आणि अडकण्याच्या वेळा जुळवल्या. प्रत्येक वेळी ट्रान्झॅक्शन लॉगची, म्हणजे डेटाबेस प्रत्येक बदल आधी जिथे टिपतो ती, फाइल ५१२ एमबीने वाढत होती. एसक्यूएल सर्व्हर २०१४ आहे तिथे, तो लॉग वाढवताना नवा भाग आधी पूर्ण शून्यांनी भरतो, आणि तोवर लिहिणारे सगळे थांबतात. डेटा फाइलीला ही अट टाळता येते, लॉगला नाही. गर्दीच्या वेळी आमच्या डिस्कला जेमतेम २०-२५ एमबी प्रति सेकंद निघतात, म्हणजे ५१२ ला वीस-पंचवीस सेकंद. आणि रोज वाढायचं कारण काय, तर व्हेंडरची एक स्क्रिप्ट रोज रात्री लॉग श्रिंक करून लहान करायची, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मोठा. वर्षभर रोज दोन-अडीच जीबी शून्यं लिहिण्यासाठी आम्ही माणसांना काउंटरवर उभं करत होतो.

श्रिंकची स्क्रिप्ट बंद करायला व्हेंडरची परवानगी यायला दोन आठवडे लागले. त्यामुळे मधल्या काळात नुसत्या डिटेक्ट-झिरोजने काय फरक पडतो ते बघायची संधी मिळाली. शुक्रवारी सकाळी साडेअकराला मी ताईंच्या मागे स्टूल टाकून बसलो, लॅपटॉपवर लॉगचा आकार समोर ठेवून. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलेली, ठेवी काढायला रांग दारापर्यंत. ११:५२ ला आकडा ५१२ ने उडाला. मी ताईंच्या स्क्रीनकडे बघितलं, त्या एका आजींच्या पासबुकावर एंट्री मारत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. मी विचारलं "आता अडकलं का?" त्या म्हणाल्या "कुठे? आज तर चांगलं चाललंय." नोंदीत ती वाढ एका सेकंदाच्या आत झालेली.

यात दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. ते काम पूर्ण वाचलं असं नाही, शून्याचा बिट लावलेल्या क्लस्टरमध्ये पहिल्यांदा खरा डेटा येतो तेव्हा उरलेला क्लस्टर आणि तक्त्याची नोंद दोन्ही लिहावं लागतं, म्हणजे एकरकमी भरायचे ते हप्त्याने भरले. काउंटरवरच्या माणसाला हप्ते जाणवत नाहीत, म्हणून चालतं. आणि एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून लॉगच्या नव्या भागात शून्याऐवजी दुसराच ठरावीक बाइट भरतात, तिथे हे ओळखणं लागू पडणार नाही, त्यामुळे लॉग पहिल्यापासून पुरेसा मोठा ठेवून श्रिंक बंद करणं हाच खरा उपाय, आणि शेवटी आम्ही तोही केला.

अजून एक, पैशांच्या संस्थेत काम करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवा. डिस्क भंगारात द्यायच्या आधी मशीनच्या आतून शून्यं लिहून डेटा पुसतो असं कुणी म्हणालं तर हे सेटिंग चालू असताना तसं होत नाही. आतून वाचलं तर शून्यच दिसतील, पण खालच्या प्लॅटरवर खातेदारांची जुनी माहिती तशीच पडलेली असू शकते. पुसायचं असेल तर होस्टवरून, खरी डिस्क, पूर्ण.

आणि जागा परत मिळाली म्हणून नवीन वचनं वाटत सुटू नका. १ टीबीच्या डिस्कवर आजही आमची १.९ टीबीची वचनं आहेत, नवी स्कॅनची डिस्क धरून. म्हणून ७० टक्क्यांना मला मेसेज आणि ८५ ला मॅनेजरसाहेबांना पण, असा अलार्म लावलाय. व्हेंडरच्या इंजिनियरने स्कॅनची डिस्क नंतर पुन्हा फॉरमॅट केली, क्विकची टिक या वेळी मी लावायला सांगितली होती, तो विसरला. पूर्ण ५०० जीबीचा फॉरमॅट. संपला तेव्हा होस्टवर त्या फाइलचा आकार ८८ एमबी होता, आणि काउंटर चालू होता.